सगळं घरचं

लोखंडी चौकट शेतात नेमकी कुठे पडायची, हे शेतकऱ्याने ठरवायचं नसतं आणि मोजणाऱ्यानेही नाही. शेतीचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या मोजणीवालीने पिशवीतून चिठ्ठी काढली, तिच्यावरच्या आकड्याप्रमाणे बांधापासून पावलं मोजली आणि चौकट भातात सोडली. आत आलेलं पीक कापायचं, तिथेच झोडायचं, पाखडायचं, दाण्यातला ओलावा तपासायचा आणि मग वजन करायचं. भाऊ हाताची घडी घालून बांधावर उभा होता. निकालाच्या दिवशी शाळेच्या दारात उभ्या असलेल्या मुलाचा चेहरा असतो, तसा त्याचा चेहरा झाला होता.

शेजारच्या शेतातली मोजणी आधीच उरकली होती. ते शेत गोणीतल्या खतावर आणि पाठीवरच्या पंपावर चालायचं. भावाच्या शेतात गेली काही वर्षं खताची गोणी आली नव्हती की फवाऱ्याचा थेंब पडला नव्हता. संस्थेला पाहायचं होतं की दोन्हींत कोण किती देतं आणि कितीत देतं.

मोजणीवालीने काट्यावरचा आकडा दोनदा वाचला. दोन्ही शेतांत मूठभर दाण्यांचाच फरक होता.

"काटा बिघडलाय बाई तुमचा," शेजारी बांधावरून म्हणाला. "शेणावर एवढं येतं होय?"

"तुमचंही याच काट्यावर मोजलंय, काका."

"मग माझं कमी दाखवत असेल."

सगळे हसले. भाऊही हसला, पण जरा उशिरा. वस्तीवर त्याला 'शेण्या' म्हणायचे, आणि हे नाव पहिल्यांदा ठेवलं ते या शेजाऱ्यानेच.

मग खर्चाची चौकशी सुरू झाली. मोजणीवाली विचारत गेली, भाऊ सांगत गेला. बियाणं? घरचं. खत? गोठ्यातलं, घरचं. कीड पडली तर? कडू पाल्याचा अर्क, तोही घरी केलेला.

"मजूर किती लागतात?"

"एकही नाही," भाऊ म्हणाला. "सगळं घरचं."

तो खोटं बोलला नव्हता. त्यांच्या बोलण्यात मजूर म्हणजे संध्याकाळी ज्याच्या हातावर पैसे ठेवावे लागतात तो माणूस. त्याची मोठी बहीण त्या वेळी पलीकडच्या वाफ्यात पाठमोरी वाकून पेंढ्या बांधत होती. तिच्या हातावर कोणी पैसे ठेवत नव्हतं. आईच्या लांबलेल्या आजारपणात तिचं लग्नाचं वय निघून गेलं, आई गेली आणि ती त्याच घरात राहिली. भाऊ आणि भावजय तिला ताई म्हणत, भाची आत्या म्हणायची. वस्तीवरचे लोकही ताईच म्हणत.

गोणी आणि पंप बंद केल्यावर भाताचा शत्रू उरतो तो म्हणजे तण. शेजारी सकाळी तणनाशकाचा पंप पाठीला लावायचा आणि चहाच्या वेळेला घरी असायचा. तेवढंच काम ताई वाकून, घोटाभर पाण्यात, लावणीनंतर थेट भाताला कणीस दिसेपर्यंत करायची. ओळींच्या मधून कोळपं चालतं, ते भाऊ चालवायचा. पण दोन रोपांच्या मधे कोळपं जात नाही, तिथे बोटंच लागतात. त्यात सावा नावाचं गवत असं की कोवळं असताना हुबेहूब भातच. भाताच्या पानाच्या बेचक्यात एक पातळ पापुद्रा असतो, साव्याला तो नसतो. ताई डोळ्यांनी बघायचीही नाही, अंगठा फिरवायची. भावजयीला हे कधी नीट जमलं नाही. ती घर, गोठा आणि शेतातलं बाकी सगळं बघायची.

पाण्यात उभं राहून पाय कुजतात. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी, फुगलेली होते, मग फाटते. याला चिखल्या म्हणतात. हंगामभर ताईच्या पायांना चिखल्या असायच्या, आणि हंगाम संपला की टाचांना भेगा पडायच्या. ती चमच्यात मेण वितळवून भेगांत ओतायची आणि ओठ मिटून बसायची.

कापणीच्या आधी तिच्या मावसबहिणीने निरोप पाठवला होता. ती शहरातल्या इस्पितळात परिचारिका होती. तिथल्या धुलाईखान्यात, इस्त्रीच्या खोलीत एक जागा होती आणि सोबत राहायला खोली.

"काम काय?" ताईने फोनवर विचारलं.

"चादरींना इस्त्री. दिवसभर उभं राहायचं, उकडतं फार."

"जमीन कोरडी असते का?"

"अगं, इस्त्रीची खोली आहे ती. ओली कशी असेल?"

"मग येते," ताई म्हणाली.

भावाने नाही म्हटलं नाही. "हंगाम होऊ दे, मग जा," एवढंच म्हणाला. मोजणीनंतर पेंढ्या रचून झाल्या आणि ती गेली. निघताना भाचीला जवळ घेतलं. तिला घरात छोटी म्हणत, जरी ती आता आईच्या खांद्याला लागली होती.

संस्थेचा निकाल लागला तेव्हा ताई शहरात होती. उत्पादन बरोबरीचं, आणि खर्चाच्या मानाने भावाचं शेत शेजाऱ्याच्या दुपटीहून वर. संस्थेच्या इतिहासात असा आकडा निघाला नव्हता. एक तांदूळ खरेदी करणारी कंपनी आली. तिने भाव ठरवला तो या आकड्यावरून, आणि अट एकच घातली: एका घराने पुरेसं पीक होत नाही, आणखी घरं आणा. वस्तीवरची नऊ घरं तयार झाली. ज्या घरांनी शेण्या म्हटलं तीच आता भावाला 'सर' म्हणू लागली. तो सकाळी त्यांच्या शेतात जाऊन खताचे ढीग कसे रचायचे ते दाखवायचा. ढीग उलटताना त्याची कंबर धरली, तरी पट्टा बांधून जायचा. वाईट माणूस नव्हता तो. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं कोणी ऐकत होतं.

इस्त्रीच्या खोलीला दोन खिडक्या होत्या आणि फरशी पांढरी होती. दारात चपला काढायच्या, कारण आत धुतलेलं कापड असायचं. इस्त्री चिकटू लागली की तिच्या तळाला मेणबत्तीचा तुकडा घासायचा आणि फडक्यावर पुसायची, मग ती चादरीवरून सरकन जाते. ताईने मेण या कामासाठी पहिल्यांदाच पाहिलं. सोबतच्या बायकांना भेगांत ओतायच्या मेणाचं सांगितलं तेव्हा त्या हसल्या. "तुमच्याकडे पायांना इस्त्री करतात का?" एकीने विचारलं. पावसाळ्याच्या तोंडावर ताईच्या पायांची जुनी कातडी पापुद्र्यांनी निघाली आणि खालून नवी आली. रात्री झोपताना ती एका पायाची बोटं दुसऱ्या पायावर फिरवून बघायची. कोरडी असायची.

लावणी होऊन बरेच दिवस झाले होते तेव्हा छोटी तिला भेटायला आली. शाळेच्या कामासाठी शहरात आले, असं म्हणाली. दारात उभी राहिली. तोंड उन्हाने रापलेलं.

"ये ना आत."

"इथेच बरी आहे, आत्या."

"अगं बूट काढ आणि ये. कोणी ओरडत नाही."

छोटीने बूट काढायला वेळ लावला. मग मोजे. मोज्याचं कापड बोटांना चिकटलं होतं, ते तिने हळूच सोडवलं. पांढऱ्या फरशीवर तिची पावलं उमटली, ओली.

ताईच्या हातातली इस्त्री चादरीवर तशीच राहिली. जळका वास आला तेव्हा बाजूच्या बाईने ती उचलली.

"कधीपासून?" ताईने विचारलं.

"लावणीपासून. शाळेत सांगितलंय, बरी नाहीये म्हणून." मग स्वतःहूनच पुढे म्हणाली, "मला सावा ओळखता येत नाही, आत्या. मी भात उपटला. बाबा काही बोलले नाहीत, नुसते उपटलेली रोपं परत रोवत बसले."

ताईने चार दिवसांची रजा काढली.

घरी पोहोचली तेव्हा भाऊ ओसरीवर कंबरेचा पट्टा सोडत होता. भावजय भांडी घासत होती. तिने वर पाहिलं, परत खाली पाहिलं.

"मजूर लाव," ताई म्हणाली.

"बस आधी. पाणी तरी पी."

"मजूर लाव, आणि पोरीला शाळेत पाठव."

"लावता येत नाही ना ताई." भावाचा आवाज चढला नाही. "तेच तर आहे. दहा घरांची निवड झाली ती मजूर नाहीत म्हणून. भाव ठरला तो मजूर नाहीत म्हणून. कंपनीचा माणूस दर आठवड्याला फिरतो. एक जरी बाहेरचं माणूस वाफ्यात दिसलं तर म्हणणार, आकडा खोटा होता."

"होताच."

"उत्पादन खोटं होतं का? तुझ्यादेखत मोजलं."

"मजूर नाहीत, हे खोटं होतं."

"तू काय मजूर आहेस?" भावाला खरंच धक्का बसला होता. "घरचं माणूस आहेस तू. मी तुला मजूर म्हणून सांगितलं असतं तर वस्तीने तोंडात शेण घातलं असतं माझ्या."

भावजय भांडी टाकून आली. हात पदराला पुसत म्हणाली, "मी दोन माणसांचं करतेय ताई. तिसऱ्याचं होत नाही. नाहीतर पोरीला लावलं असतं का?"

"तुला कोण बोलतंय?"

"कोणी बोलत नाही, तेच म्हणते मी. इथे कोणी कोणाला बोलतच नाही."

भाऊ उठून गोठ्याकडे गेला. तो गेल्यावर भावजय जवळ सरकली. "तुम्ही परत येऊ नका," ती म्हणाली. "संस्थेत जा आणि काय ते सांगून टाका. व्हायचं ते होऊ दे."

दुसऱ्या दिवशी ताई संस्थेत गेली. मोजणीवालीने तिला ओळखलं नाही. मोजणीच्या दिवशी तिने ताईचा चेहरा पाहिलाच नव्हता.

"मला मोजा," ताई म्हणाली.

"काय मोजू?"

ताईने सांगितलं. कधी वाफ्यात उतरायची, कधी बाहेर यायची, लावणीपासून कणसापर्यंत किती वेळा शेत फिरून व्हायचं. मोजणीवाली हुशार होती आणि प्रामाणिकही. तिने मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "मी विचारलं होतं. ते म्हणाले, सगळं घरचं. मला वाटलं, घरचे सगळे मिळून थोडं थोडं करत असतील."

तिने संगणकाकडे तोंड वळवलं. ताईचे दिवस मजुराच्या रोजाने धरले, आणि पडद्यावरच्या आलेखात भावाच्या शेताचा हिरवा खांब खाली आला. शेजाऱ्याच्या खांबाच्याही खाली.

"उत्पादन तेच राहतं," मोजणीवाली म्हणाली. "त्यात काही खोटं नाही. जमीनही सुधारलीय, ते मी स्वतः तपासलंय. फक्त—"

"फक्त मी महाग आहे."

"महाग नाही. इतके दिवस फुकट होतात."

खोलीत पंखा फिरत होता. मोजणीवालीने खुर्ची थोडी मागे घेतली.

"तुम्ही म्हणत असाल तर मी आजच दुरुस्ती पाठवते. माझी चूक आहे, मी कबूल करीन. पण पुढचं ऐकून घ्या. मजुरी धरली तर कंपनीचा भाव परवडत नाही. ती वाढवून देईल असं मला वाटत नाही, ती निघून जाईल. त्या नऊ घरांनी यंदाच खत बंद केलंय. पहिल्या वर्षी पीक उतरतंच, तणही जास्त असतं. अर्ध्यावर कंपनी गेली तर ना धड इकडचे राहणार, ना तिकडचे."

"आणि नाही पाठवली तर?"

"तर हा आकडा धरून पुढच्या वर्षी आणखी वस्त्या घेतील." तिने हे ताईकडे न बघता सांगितलं. "परवा पाहुणे येणार आहेत तुमच्या शेतावर. कंपनीचे, संस्थेचे. मीच माहिती देणार आहे. तोपर्यंत ठरवा."

ताई रस्त्याने न जाता बांधाबांधाने घरी आली. नऊ घरांची शेतं त्याच वाटेवर होती. पहिल्या शेतात एक सासू वाकली होती, तिच्या मागे सून. पुढच्यात एक पोटुशी बाई, एक हात गुडघ्यावर टेकून. त्याच्या पुढच्यात छोटीच्या वर्गातली एक मुलगी. तिने ताईला पाहिलं आणि पाठ फिरवली. पाणी सगळीकडे गढूळ होतं. एका शेतात म्हातारा खाली बसूनच पुढे सरकत होता, कारण त्याला वाकता येत नव्हतं.

"ताई!" त्याने हाक मारली. "तुझ्या भावाने आमचं सोनं केलं बघ."

तो थट्टा करत होता की खरंच म्हणत होता, ते त्याच्या तोंडावरून कळलं नाही.

शेजारी आपल्या बांधावर पंप धूत बसला होता. "मला पण सांगत होते, या म्हणून," तो म्हणाला. "मी म्हटलं, माझ्याकडे कोण आहे घरचं? बायको गेली, पोरगा शहरात. मी गरीब माणूस, मला मजूरच परवडतात."

संध्याकाळी ताईने छोटीला ओसरीवर बसवलं, तिचे पाय मांडीवर घेतले, पुसून कोरडे केले, बोटांच्या मधे फडकं सारलं. खिशात इस्त्रीच्या खोलीतला मेणबत्तीचा तुकडा राहिला होता, तळाची बाजू कापडाच्या रेषांनी घासलेली. चिखल्यांना मेण उपयोगाचं नसतं. तिने तो परत खिशात ठेवला.

"उद्या शाळेत जा," ती म्हणाली.

"आणि वाफा?"

"तुला सावा ओळखता येत नाही. नुकसान करतेस."

भाऊ दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं. आत जाऊन ताईचं जुनं खुरपं धार लावायला काढलं. भावजयीने ते पाहिलं आणि हातातलं ताट जरा जोराने खाली ठेवलं.

पाहुणे आले त्या दिवशी आकाश भरून होतं पण पाऊस नव्हता. ताई सकाळपासून वाफ्यात होती. नवी कातडी लवकर फुगते. दुपारपर्यंत बोटांच्या मधे ओळखीची आग सुरू झाली. बांधावर खुर्च्या मांडल्या होत्या. नऊही घरांतली माणसं आली होती, पुरुष पुढे, बायका मागे. बऱ्याच बायकांनी आज बूट घातले होते.

मोजणीवालीने जमिनीबद्दल सांगितलं, गांडुळांबद्दल सांगितलं, गेल्या वर्षीच्या वजनाबद्दल सांगितलं. कंपनीचा माणूस माना डोलावत होता. त्याने भावाला विचारलं, "आणि यंदाही मजूर नाहीतच?"

"एकही नाही," भाऊ म्हणाला. त्याने नेहमीचं पुढचं वाक्य म्हटलं नाही.

मोजणीवाली वाफ्याच्या कडेला आली. ती पाण्यात उतरू शकत नव्हती, तिच्या पायात चांगले बूट होते. ती वाकून ताईला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "तुम्हाला काही सांगायचं होतं ना?"

ताई कंबर सरळ करून उभी राहिली. तिला बांधावरची सगळी माणसं एकदम दिसली. भावजय तिच्याकडे थेट बघत होती आणि तिची मान अगदी थोडी हलली, सांग म्हणून. तिच्या मागे ती पोटुशी बाई होती. तिचा नवरा पायाखालच्या गवताकडे बघत होता. म्हातारा खुर्चीच्या दांड्याला धरून होता. छोटीच्या वर्गातली मुलगी कुठे दिसली नाही, ती आजही वाफ्यात असणार. भाऊ कोणाकडेच बघत नव्हता.

"नाही," ताई म्हणाली. "मी घरचीच आहे."

 मोजणीवाली सरळ झाली, आणि पाहुण्यांना पुढच्या शेताकडे चला म्हणाली. जाताना भावजयीने खुर्च्या उचलायला घेतल्या आणि एकही नीट रचली नाही.

कंपनीचा फोटो काढणारा मागे राहिला होता. त्याला उजेड जायच्या आत शेताचा एक फोटो हवा होता. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला, हात हलवला.

"बाई, जरा बाजूला होता का? पीक दिसू दे."

ताई बाजूला झाली. फोटोच्या बाहेर आल्यावर ती पुन्हा वाकली आणि समोरच्या रोपाच्या बेचक्यात अंगठा फिरवला. पापुद्रा नव्हता. तिने ते मुळासकट उपटलं.